रुग्णाचा श्वास आणि परिचारिकेचे घड्याळ

सायंकाळी सहाच्या सुमारास परिचर्येचे शिक्षण घेणारी विद्यार्थिनी हातात तक्ता घेऊन वॉर्डातील खाटांवरून फिरू लागते. ताप पाहण्यासाठी तिच्यापाशी तापमापक असतो, रक्तदाबासाठी यंत्र असते आणि नाडी तर बोटांच्या टोकांना स्वतःच कळते. चौथी नोंद राहते ती श्वासांची. तिच्यासाठी वेगळे उपकरण बहुधा नसते. छातीकडे पाहावयाचे, घड्याळाकडे पाहावयाचे आणि मिनिटभर मोजीत राहावयाचे, एवढेच काय ते साधन. वॉर्डात तीस खाटा असल्या म्हणजे तीस मिनिटे झाली. मग होते काय, की रुग्णाकडे एकवार नजर टाकली जाते आणि तक्त्यावर 'अठरा' हा आकडा पडतो. पहिल्या खाटेवर अठरा, दुसऱ्या खाटेवर अठरा, बाराव्या खाटेवरही अठराच. हे कोणी लबाडीने करते असे मुळीच नाही. रुग्ण शांत दिसतो, कामाची घाई असते, आणि इतक्या साध्या गोष्टीत चुकण्यासारखे आहे तरी काय, असे मनाला वाटते.

वस्तुतः रुग्णाची प्रकृती ढासळू लागली, की जे आकडे सर्वांत आधी हलतात त्यांत श्वासांचा आकडा प्रमुख आहे. रक्तदाब पुष्कळ वेळ टिकून राहतो, कारण शरीर आपली सारी शिल्लक खर्ची घालून तो सांभाळीत असते. तो कोसळतो तेव्हा संकट दाराशी येऊन ठेपलेले असते. श्वासांची गती मात्र कित्येकदा त्याआधी काही तास वाढू लागलेली असते. ती वाढ ज्याच्या ध्यानात आली, त्याच्या हाती ते तास उपचारासाठी राहिले. ज्याने अंदाजाने अठरा लिहिले, त्याच्या हातून ते निसटले. परंतु एखादी गोष्ट कशासाठी करावयाची हे कळल्यावाचून ती मनापासून होत नाही. म्हणून छातीच्या प्रत्येक हालचालीमागे शरीरात काय चालले असते, ते एकदा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

एक क्रिया, दोन कामे

श्वसन म्हणजे हवा आत घेणे आणि बाहेर सोडणे, ही व्याख्या शाळेतील मुलालाही येते. परंतु ह्या एका क्रियेत दोन वेगवेगळी कामे होत असतात. पहिले काम हवेतील प्राणवायू रक्तापर्यंत पोचविण्याचे. दुसरे काम, पेशींमध्ये अन्नापासून शक्ती तयार होताना निर्माण झालेला कार्बन डायॉक्साइड वायू रक्तातून काढून बाहेर टाकण्याचे. आत घेतलेल्या हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो, तर बाहेर टाकलेल्या हवेत तो शेकडा १६ च्या आसपास उरतो. कार्बन डायॉक्साइड आत जाताना शेकडा ०.०४ एवढा नाममात्र असतो आणि बाहेर येताना शेकडा चारच्या घरात भरतो. ही दोन्ही कामे एकाच भात्यावर चालतात, त्यामुळे ती एकच आहेत असा समज सहज होतो. तो खरा नाही. एक काम ठीक चालू असताना दुसरे बिघडू शकते. परिचारिकेने श्वसनसंस्थेविषयी एकच गोष्ट कायमची लक्षात ठेवावयाची असेल, तर ती हीच होय.

नाकापासून वायुकोशांपर्यंत

हवेचा प्रवास नाकातून सुरू होतो. तेथे हवा गाळली जाते, कोमट होते आणि ओलसरही होते. ज्या रुग्णाच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसविलेली असते, त्याला नाकाचे हे तिन्ही फायदे मिळत नाहीत. त्याच्या नळीतील हवा ओलसर ठेवणे आणि साचलेला कफ खेचून काढणे, हे नाकाचे काम मग परिचारिकेच्या वाट्याला येते. नाकामागे घसा आणि घशाखाली स्वरयंत्र. घशात अन्नाची वाट आणि हवेची वाट एकत्र येतात. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते आणि त्यावर एक लवचीक झाकण झुकते, म्हणून अन्न भलत्या वाटेला जात नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या ठायी हा पहारा ढिला पडतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी घालण्याची जी रीत घरोघर आढळते, ती प्रेमापोटी असली तरी घातक आहे. ते पाणी पोटात न जाता फुप्फुसांत उतरू शकते.

स्वरयंत्राखाली श्वासनलिका लागते. ती सुमारे ११ सेंटिमीटर लांब असून कूर्चेच्या सोळा ते वीस कड्यांनी सदैव उघडी राहते. ह्या कड्या पूर्ण गोल नसतात. त्यांची मोकळी बाजू मागे, अन्ननलिकेच्या बाजूला असते. छातीत उतरल्यावर श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात. उजवा फाटा डाव्यापेक्षा रुंद, आखूड आणि अधिक सरळ असतो. श्वासाबरोबर चुकून आत ओढला गेलेला शेंगदाणा किंवा सुपारीचे खांड बहुतेक वेळा उजव्या बाजूस जाऊन अडकते, त्याचे कारण हेच. कृत्रिम श्वासासाठी घातलेली नळी जरुरीपेक्षा खोल गेली, तर तीही बहुधा उजव्याच फाट्यात शिरते आणि डावे फुप्फुस हवेवाचून राहते. म्हणून नळी बसविल्यावर छातीच्या दोन्ही बाजू सारख्या हलतात की नाही, हे पाहावयाचे असते.

पुढे ह्या फाट्यांना उपफाटे फुटत जातात. सुमारे तेवीस वेळा दुभंगून अखेरच्या बारीक नळ्या वायुकोशांपाशी थांबतात. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ असताना एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. तीपैकी जवळजवळ १५० मिलिलिटर हवा ह्या नळ्यांतच राहते. तिची रक्ताशी गाठ पडतच नाही. उरलेली ३५० मिलिलिटरच काय ती उपयोगी पडते.

आता एक सोपा हिशेब मांडून पाहावा. मिनिटाला बारा श्वास घेणारा निरोगी माणूस एकूण सहा लिटर हवा घेतो आणि तीपैकी ४.२ लिटर हवा वायुकोशांपर्यंत पोचते. शेजारच्या खाटेवरील रुग्ण छातीच्या वेदनेमुळे उथळ श्वास घेत आहे. त्याचा प्रत्येक श्वास २०० मिलिलिटरचा, आणि असे श्वास मिनिटाला तीस. त्याचीही बेरीज सहा लिटरच होते. परंतु दर श्वासातले १५० मिलिलिटर वाटेतच राहिल्यामुळे त्याच्या उपयोगी पडली ती श्वासागणिक ५० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला अवघी दीड लिटर. धावपळ अडीचपट आणि पदरात पडले ते जवळजवळ तिसरा हिस्सा! श्वास किती हे मोजताना तो खोल आहे की उथळ, हेही पाहावे लागते ते ह्यासाठी. पोटावर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण टाक्यांना जपत दबत दबत श्वास घेतो. टाक्यांवर उशी धरून त्याला दीर्घ श्वास घ्यावयास आणि खोकावयास लावणे त्याला छळल्यासारखे वाटते खरे, परंतु फुप्फुसांचा तळभाग उघडा राहतो तो त्यामुळेच.

लोहाराचा भाता

फुप्फुसांना स्वतः फुगण्याचे बळ नाही. छाती आणि पोट ह्यांच्यामध्ये घुमटासारखा वर उचललेला एक स्नायूचा पडदा असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. ते आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते आणि हवा आपसूक आत येते. लोहाराने भाता उघडला म्हणजे जे घडते तेच येथेही घडते. स्वस्थपणी श्वास सोडण्यासाठी वेगळे श्रम पडत नाहीत. ताणलेली फुप्फुसे आपल्या मूळ आकाराला परत येतात आणि हवा बाहेर पडते. दम्याच्या रुग्णाचे मात्र उलट असते. त्याच्या बारीक नळ्या आवळलेल्या असल्यामुळे श्वास सोडण्यासाठीच त्याला झगडावे लागते आणि छातीतून शिटीसारखा आवाज येतो.

माणूस आडवा झाला की पोटातील अवयव श्वासपटलाला वर रेटतात. दम लागलेला रुग्ण आपण होऊन उठून बसतो तो ह्या कारणाने. 'पडून राहा' म्हणून त्याला बळेच आडवे करू नये. पाठीशी उशा द्याव्यात, पुढे हात टेकावयास मेज द्यावे. ह्या उपायाला डॉक्टरांची वाट पाहावी लागत नाही.

भात्यावर ताण पडू लागला, की इतर स्नायू मदतीला धावतात. मानेचे स्नायू ताठ दिसू लागतात, नाकपुड्या फुलतात, लहान मुलाच्या छातीचा खालचा भाग श्वासागणिक आत ओढला जातो. ही चिन्हे ज्याच्या अंगी दिसतात, तो रुग्ण आपल्या ताकदीची शिल्लक वापरून जगत आहे असे समजावे.

कधी फुप्फुसे निरोगी असतात आणि भाताच बंद पडू लागतो. मण्यार किंवा नाग चावलेल्या रुग्णाचे असे होते. विषाने स्नायूंना मिळणारा मज्जातंतूंचा हुकूम तुटतो. प्रथम पापण्या जड होतात, मग बोलणे अडखळते, गिळता येईनासे होते आणि अखेर श्वास थांबतो. अशा रुग्णाला एक दीर्घ श्वास घेऊन त्या एकाच श्वासात आकडे मोजावयास सांगावे. तासापूर्वी पंचवीसपर्यंत जाणारा रुग्ण आता बारावरच थांबू लागला, तर श्वासाचे स्नायू दमत चालले आहेत हे उघड होते. प्रतिविषाबरोबर त्याला वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला, तर असा रुग्ण पूर्ण बराही होऊ शकतो.

वायुकोश

दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले, तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे मध्यम आकाराच्या एका बिऱ्हाडाएवढी. त्यांची भिंत आणि केशवाहिनीची भिंत मिळून जो पडदा होतो, तो पुष्कळ ठिकाणी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. रक्तातील एक तांबडी पेशी ह्या केशवाहिनीतून जाण्यास स्वस्थपणी पाऊण सेकंद घेते आणि प्राणवायूची देवघेव त्यातील पहिल्या पाव सेकंदातच उरकते. न्यूमोनियात वायुकोश द्रवाने भरतात आणि ही देवघेव अडते.

वायुकोश इतके लहान व आतून ओले असूनही एकमेकांना चिकटून मिटत का नाहीत? त्यांच्या आतल्या बाजूवर स्निग्ध पदार्थाचा एक थर असतो, तो पाण्याचा ताण कमी करतो. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बालकाच्या फुप्फुसांत हा पदार्थ पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून त्याचे वायुकोश प्रत्येक श्वासानंतर मिटतात आणि ते बालक कण्हत श्वास घेते. हे कारण मेरी एलन अॅव्हरी आणि जेरे मीड ह्यांनी १९५९ साली दाखवून दिले. १९७२ साली न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी ह्यांनी असे सिद्ध केले, की अपुऱ्या दिवसांची प्रसूती होणार असे दिसताच मातेला स्टिरॉइडचे औषध दिले तर बालकाची फुप्फुसे लवकर तयार होतात. अशा प्रसंगी मातेला ते इंजेक्शन वेळेवर टोचणारी परिचारिका न जन्मलेल्या बालकाचा पहिला श्वास सोपा करीत असते.

रक्तातील वाहतूक आणि बोटावरची चिमटी

रक्तातील प्राणवायूपैकी शेकडा ९८ च्या आसपास भाग हिमोग्लोबिन वाहून नेते. हिमोग्लोबिनच्या एका कणावर प्राणवायूच्या चार कणांना जागा असते. ह्या जागांपैकी शेकडा किती भरल्या आहेत, ते बोटाला लावलेली ऑक्सिमीटरची चिमटी सांगते. जपानमधील ताकुओ आओयागी ह्यांनी १९७४ साली ह्या मापनाचे तत्त्व मांडले, आणि आज ते यंत्र खेडेगावच्या दवाखान्यातही आढळते.

ह्या आकड्याचा एक स्वभाव आहे. तो वरच्या पायरीवर असताना फुप्फुसांतील प्राणवायू बराच घटला तरी आकडा थोडाच उतरतो. शेकडा ९० च्या खाली मात्र उतार एकदम तीव्र होतो. कड्याच्या माथ्यावरील सपाटीवरून चालणारा माणूस कडेपाशी येईपर्यंत सुरक्षित दिसतो, तसाच हा प्रकार आहे. सकाळी ९७ असलेला आकडा सायंकाळी ९१ झाला, तर 'अजून नव्वदच्या वर आहे' म्हणून स्वस्थ राहता येत नाही.

शिवाय ही चिमटी फसतेही. हात गार पडले असतील किंवा नखांना रंग असेल, तर आकडा चुकू शकतो. सावळ्या व काळ्या त्वचेवर ती कधीकधी प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखविते, ही गोष्ट २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानंतर विशेष चर्चिली गेली. सर्वांत मोठी फसगत होते ती कोळशाच्या धुराने. ग्वाल्हेर-इंदूरकडील कडाक्याच्या थंडीत दारे-खिडक्या लावून खोलीत शेगडी पेटती ठेवली, तर तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. प्राणवायूच्या जागा त्याने बळकावलेल्या असतात, पण साध्या चिमटीला हा फरक ओळखता येत नाही आणि ती ९८ दाखविते. पहाटे एकाच खोलीतील सगळ्यांची डोकी दुखत असतील, ओकाऱ्या होत असतील, तर यंत्रापेक्षा शेगडीची चौकशी अधिक उपयोगी पडते.

मेंदूतील पहारेकरी

श्वासांची गती ठरविणारे केंद्र मेंदूच्या देठात आहे. ते प्रामुख्याने लक्ष ठेवते ते कार्बन डायॉक्साइडवर. हा वायू वाढला की रक्ताची आम्लता वाढते आणि श्वास जलद व खोल होतो. पाण्याखाली श्वास रोखून धरणाऱ्या पोराला जी असह्य तगमग होते, ती मुख्यतः हा वायू साचल्यामुळे. प्राणवायूवर नजर ठेवणारे पहारेकरी मानेतील रोहिण्यांपाशी असतात, परंतु ते जोराने जागे होतात ते प्राणवायू बराच खाली उतरल्यावर.

ह्यावरून ध्यानात येईल, की श्वासांचा आकडा केवळ फुप्फुसांची बातमी देत नाही. जंतुदोष रक्तात पसरला, रक्तस्राव झाला, मूत्रपिंडे थकली, तरीही श्वास वाढतो. मधुमेहात रक्त आम्ल झाले म्हणजे रुग्ण खोल, धपापणारे श्वास घेऊ लागतो. जर्मन वैद्य कुसमाउल ह्यांनी १८७४ साली त्याचे वर्णन केले आणि आजही ते श्वास त्यांच्याच नावाने ओळखले जातात. उलट मॉर्फिनसारख्या औषधाने हे केंद्र गुंगते आणि श्वास मंदावतात. वेदनेवर इंजेक्शन दिल्यानंतर गाढ झोपलेला रुग्ण मिनिटाला आठच श्वास घेत असेल, तर ती झोप नसून संकट आहे.

दोन साथी, दोन धडे

१९५२ सालच्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे व गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज येऊ लागले. छातीला बाहेरून ताण देऊन श्वास चालविणारी यंत्रे मोजकीच होती. पहिल्या काही आठवड्यांत त्यांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. प्राणवायू देऊन रुग्णांचा निळेपणा जात असे, तरीही ते दगावत. त्यांच्या रक्तातील तपासणीचा आकडा रक्त अल्कधर्मी झाल्याचे लक्षण मानला जात होता. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन ह्यांनी त्याचा खरा अर्थ सांगितला. दुबळा भाता कार्बन डायॉक्साइड बाहेर टाकू शकत नव्हता, आणि साचलेल्या त्या वायूनेच रुग्ण मरत होते. २७ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसविली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. पण इतक्या पिशव्या दाबणार कोण? सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून पुढे आले. खाटेशी बसून, रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहत, ते रात्रंदिवस पिशव्या दाबीत राहिले. एका वेळी सत्तर रुग्णांपर्यंत हे काम चालले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले, आणि आजच्या अतिदक्षता विभागाची कल्पना ह्याच अनुभवातून वाढीस लागली.

दुसरा धडा २०२० आणि २०२१ सालच्या कोरोनाच्या साथीने दिला, आणि तो नेमका उलट होता. चिमटीवर ८२ आकडा असलेला रुग्ण खाटेवर बसून घरच्यांशी फोनवर बोलत असे आणि 'मला काही त्रास नाही' म्हणत असे. त्याच्या वायुकोशांतून प्राणवायू रक्तात जात नव्हता. कार्बन डायॉक्साइड मात्र प्राणवायूपेक्षा सुमारे वीस पट सहज पडद्यातून पार होतो; तो बाहेर जात होता. त्यामुळे मेंदूतील पहारेकऱ्याने आरोळी दिली नाही आणि रुग्णाला दम लागल्याची जाणीवच झाली नाही. परंतु अशा पुष्कळ रुग्णांचे श्वास मिनिटभर मोजले असता ते वाढलेलेच आढळत. कोपनहेगनमध्ये प्राणवायू पोचत होता आणि दुसरा वायू साचत होता; कोरोनात दुसरा वायू जात होता आणि प्राणवायू पोचत नव्हता. एकट्या चिमटीवर किंवा रुग्णाच्या एकट्या शब्दावर विसंबून चालत नाही, ते ह्यासाठी.

मोजावे कसे?

श्वास मोजताना रुग्णाला तसे सांगू नये. कोणी आपला श्वास मोजीत आहे हे कळले की माणूस नकळत तो बदलतो. नाडी पाहून झाल्यावर मनगट तसेच धरून ठेवावे आणि नजर छातीवर न्यावी. रुग्णाला वाटते की नाडीच पाहणे चालू आहे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याचा मोह टाळावा, कारण एका श्वासाची चूक तेथे चार श्वासांची होते. पूर्ण मिनिट मोजावे. जिना चढून आलेल्या किंवा रडणाऱ्या रुग्णाला आधी शांत होऊ द्यावे.

प्रौढांत मिनिटाला १२ ते २० श्वास हे स्वाभाविक मानतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली तयार केलेल्या आणि २०१७ साली सुधारलेल्या धोकासूचक तक्त्यात २१ ते २४ श्वासांना दोन गुण, तर २५ व त्याहून अधिक किंवा आठ व त्याहून कमी श्वासांना सर्वाधिक तीन गुण दिले आहेत. गुण वाढले म्हणजे धोका वाढला. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने वेगळ्या मर्यादा सांगितल्या आहेत. दोन महिन्यांच्या आतील बालकात ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षाच्या आतील बालकात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या आतील मुलात ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. खोकला झालेल्या मुलाचा सदरा वर करून, ते आईच्या मांडीवर शांत असताना, एवढे मोजले तरी न्यूमोनियाचा संशय वेळेवर येऊ शकतो.

मोजण्याइतकेच ऐकणेही महत्त्वाचे आहे. मराठी माणूस श्वासाच्या त्रासासाठी एकच शब्द वापरीत नाही. 'दम लागतो', 'धाप लागते', 'जीव घाबरा होतो', 'छाती भरून आली', 'घरघर लागली' ह्या प्रत्येकात वेगळी छटा आहे. रुग्णाने वापरलेला शब्द जसाच्या तसा नोंदवावा. तो पूर्ण वाक्य एका दमात बोलतो, की दोन शब्दांनंतर थांबतो, हेही लिहावे. काल वाक्य बोलणारा रुग्ण आज शब्दाशब्दाला थांबत असेल, तर त्या नोंदीचे मोल मोठे आहे.

प्राणवायू हेही औषधच

सिलिंडरमधील किंवा भिंतीतील नळातून येणारा प्राणवायू हे औषध आहे आणि त्याचीही मात्रा असते. वर्षानुवर्षे विडीच्या किंवा चुलीच्या धुरात ज्यांची फुप्फुसे झिजली, अशा जुनाट श्वासविकाराच्या रुग्णांना भरमसाट प्राणवायू दिला, तर त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात कार्बन डायॉक्साइड साचू लागतो. त्यांच्यासाठी चिमटीवरील आकडा बहुधा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवण्यास सांगितलेले असते. रात्री एखादा नातेवाईक काळजीपोटी नळ मोठा करून ठेवतो. सकाळी आकडा ९९ असतो, पण रुग्ण हाकेला ओ देत नाही. कोपनहेगनचा धडा तो हाच. म्हणून प्राणवायू चालू असलेल्या रुग्णाची गुंगी वाढत आहे का, हे चिमटीकडे न पाहता त्याला हाक मारून पाहावे लागते. उलटपक्षी ज्या रुग्णाचा आकडा धोक्याच्या खाली गेला आहे, त्याला भीतीपोटी प्राणवायू नाकारणेही तितकेच चूक आहे. मात्रा ठरवावी, द्यावा आणि पाहत राहावे.

आता सायंकाळच्या त्या तक्त्याकडे पुन्हा वळावे. बाराव्या खाटेवरील रुग्णाचा ताप उतरलेला आहे, रक्तदाब ठीक आहे, चिमटी ९५ दाखवीत आहे आणि तो स्वतः 'बरे आहे' म्हणतो. विद्यार्थिनी त्याचे मनगट धरून पूर्ण एक मिनिट उभी राहते. चार वाजता अठरा श्वास होते, सहा वाजता बावीस भरतात. ती तसे लिहिते, वरिष्ठ परिचारिकेच्या कानावर घालते आणि तासाभरातच पुन्हा येऊन मोजते. ह्या वेळी सव्वीस. आता डॉक्टरांना निरोप धाडण्यासाठी तिला रक्तदाब घसरण्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. डॉक्टर येतात तेव्हा रुग्ण अजून बोलत असतो, आणि उपचाराला वेळ मिळालेला असतो.